दूध कोणाचं

गेल्या मंगळवारी पहाटे अडीच वाजता माझ्या छातीतून दुधाचा पहिला थेंब आला. थेंब म्हणजे खरोखरच एक थेंब. तो पंपाच्या प्लॅस्टिकलाच चिकटून राहिला, खालच्या बाटलीपर्यंत पोचलाही नाही. रंग पिवळट. मी मोबाइलचा टॉर्च लावून तो नीट पाहिला, त्याचा फोटो काढला आणि नवऱ्याला हलवून उठवलं. तो अर्धवट झोपेत "अरे वा" म्हणाला आणि चष्मा शोधायला लागला.

मी एकोणतीस वर्षांची आहे, पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते आणि मला गर्भाशय नाही. आमचं बाळ शेजारच्या खोलीत झोपलेल्या माझ्या मामेबहिणीच्या, म्हणजे ताईच्या पोटात आहे. तेहतीस आठवडे झालेत. स्त्रीबीज माझं, शुक्राणू नवऱ्याचे, पोट ताईचं. गेले चार-पाच महिने मी गोळ्या घेते आहे आणि गेले बारा दिवस दर तीन तासांनी पंप लावून बसते आहे, ते या थेंबासाठी. तो आल्यावर आनंद व्हायलाच हवा होता, आणि झालाही. पण त्या थेंबाकडे बघताना माझ्या मनात आलेला पहिला शब्द 'बाळ' हा नव्हता. 'बघा!' हा होता.

हे 'बघा' मी कोणाला म्हणत होते? हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे.

*

सतरा वर्षांची होईपर्यंत मला पाळी आली नाही, म्हणून आई मला साताऱ्यात डॉक्टरांकडे घेऊन गेली. सोनोग्राफी झाली, मग एमआरआय. बीजकोश व्यवस्थित, गर्भाशय नाही. या अवस्थेला मेयर-रोकिटान्स्की-क्युस्टर-हाउजर सिंड्रोम असं लांबलचक नाव आहे, डॉक्टर नुसतं एमआरकेएच म्हणतात. साधारण साडेचार ते पाच हजार मुलींमागे एकीला हे असतं. बीजकोश चालू असल्यामुळे बाकी शरीर इतर मुलींसारखंच वाढतं. माझी उंची वाढली, छाती भरली, चेहऱ्यावर मुरमं आली. बाहेरून सगळं जागच्या जागी होतं, त्यामुळे कोणाला संशय यायचं कारणच नव्हतं.

तेव्हा मला या छातीचा फार राग यायचा. जे घडणारच नाही त्याची तयारी करून बसलेला अवयव, असं वाटायचं. पुढे कळलं की दूध यायला गर्भाशय लागतच नाही. गर्भारपणात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन खूप वाढतात, त्यांच्यामुळे स्तनातल्या दुधाच्या ग्रंथी आणि नळ्या वाढतात. बाळंतपणात वार पडली की प्रोजेस्टेरॉन एकदम खाली येतं आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून येणारं प्रोलॅक्टिन दूध तयार करायला लागतं. बाळ ओढायला लागलं की ऑक्सिटोसिन येतं आणि पान्हा सुटतो. या सगळ्या साखळीत स्तनाला फक्त रक्तातून येणारे निरोप कळतात. ते निरोप कोणी धाडले, पोटात खरंच कोणी आहे का, हे तपासायची सोय त्याच्याकडे नाही. आमच्या धंद्यात याला 'लूजली कपल्ड' म्हणतात. निरोप नेमक्या क्रमाने आले की काम सुरू.

म्हणजे निरोप खोटे पाठवता येतात. कॅनडात डॉ. जॅक न्यूमन आणि लेनोर गोल्डफार्ब यांनी याची एक पद्धत बसवली. गोल्डफार्ब यांचं स्वतःचं मूल सरोगसीतून झालेलं. पद्धत समजायला सोपी आहे. गर्भनिरोधक गोळ्या मधे खंड न पाडता काही महिने घ्यायच्या, म्हणजे शरीराला दिवस गेल्यासारखं वाटतं. सोबत डोम्पेरिडोन घ्यायचं. हे खरं तर उलटीवरचं औषध, आपल्याकडे पित्ताच्या कितीतरी कॅप्सूलमध्ये असतं. डोपामाइनने प्रोलॅक्टिनला घातलेला लगाम ते सैल करतं. बाळ यायच्या साधारण दीड महिना आधी गर्भनिरोधक गोळ्या बंद करायच्या, म्हणजे शरीराला बाळंतपण झाल्यासारखं वाटतं. मग पंप सुरू.

हे निर्धोक नाही. डोम्पेरिडोनमुळे हृदयाचे ठोके बिघडू शकतात. दूध वाढवण्यासाठी ते वापरू नये असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने २००४ सालीच दिलेला आहे. माझा आधी ईसीजी काढला, मधे पुन्हा काढला. शिवाय एवढं करून बाळाचं पोट भरेल इतकं दूध येईलच असं नाही. बहुतेकींना वरचं दूध द्यावंच लागतं, हे आमच्या स्तनपान सल्लागार बाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. मग त्यांनी विचारलं, "हे तुम्हाला कशासाठी करायचंय?"

मी पटकन म्हणाले, "बाळासाठी."

त्यांनी ते लिहून घेतलं.

*

हे उत्तर मी नंतर बऱ्याचदा तपासून पाहिलं. आमच्याकडे एखादं फीचर करायच्या आधी 'हे कोणाला हवंय' असा प्रश्न विचारायची पद्धत असते. युजरला हवंय असं सगळेच सांगतात. थोडं खणलं की कळतं, ते कोणत्या तरी मॅनेजरला हवं असतं.

आईच्या दुधाचे फायदे खरेच आहेत. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण माझं येणार चार-दोन चमचे. तेवढ्यासाठी हृदयावर परिणाम करणारी गोळी महिनोन्‌महिने घ्यायची, रात्री दोनदा उठायचं, हा हिशोब नुसत्या पोषणाने जुळत नाही. जवळिकीचं म्हणाल, तर बाळाला उघड्या छातीशी धरलं की जवळीक होते. ते नवराही करणार आहे. त्याला आपल्याला दूध येत नाही याची कधी खंत वाटलेली मी पाहिली नाही, आणि त्यामुळे तो कमी बाप ठरेल असं कोणी म्हटलेलंही ऐकलं नाही.

मग उरतं काय? पुरावा.

मातृत्व रजेच्या कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार बाळंत झालेल्या बाईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे रजा मिळते. माझ्यासारखीला, म्हणजे स्वतःचं स्त्रीबीज देऊन दुसरीच्या पोटी मूल वाढवणारीला, १२ आठवडे. तेही बाळ हातात दिल्याच्या दिवसापासून. एचआरमधली मुलगी हे सांगताना फार संकोचली होती. पावडरच्या दुधाच्या डब्यावर, आईचं दूधच बाळासाठी सर्वोत्तम, हे वाक्य छापावंच लागतं. चांगलाच नियम आहे. पण दुकानात तो डबा हातात घेऊन उभी असताना मला ते वाक्य माझ्याकडे बोट दाखवतंय असं वाटलं. सासूबाई तर मनाच्या खूप चांगल्या. सरोगसीचं ऐकल्यावर एका शब्दानेही अडवलं नाही. पण मी दुधाचं सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा असा खुलला की इतके दिवस त्या काय गिळून बसल्या होत्या ते मला कळलं. "मग तर काही प्रश्नच नाही," असं म्हणाल्या. म्हणजे आधी प्रश्न होता.

या सगळ्यांना माझं 'बघा' होतं. पण फक्त त्यांनाच असतं तर मी इतकी अस्वस्थ झाले नसते. खरं 'बघा' भिंतीपलीकडे होतं.

*

मंगळवारी सकाळी मी ताईला थेंबाची बातमी दिली. तिला खरंच आनंद झाला. तिने फोटो झूम करून पाहिला. मग सहज म्हणाली, "माझा तर आठवडा झाला गाऊन ओला होतोय. आधीच्या वेळीही असंच झालेलं. रोज रात्री आतून रुमाल लावून झोपते."

शेवटच्या महिन्यांत काही जणींना असं चिकाचं दूध येतं, हे मी वाचलेलं होतं. पण वाचणं वेगळं. एकाच घरात, एकाच भिंतीच्या दोन बाजूंना, एक बाई पाच महिने गोळ्या घेऊन एका थेंबाचा फोटो काढत होती आणि दुसरीचं न मागता आलेलं दूध रुमालात जिरून धुण्यात जात होतं.

त्याच आठवड्यात मामी कराडहून आली होती, अळिवाचे लाडू घेऊन. अळीव बाळंतपणानंतर खायचे, पण लेकीला बघायचं निमित्त हवं होतं. तिने लाडवांचे दोन डबे केले होते, एक ताईचा, एक माझा. "तुलाही लागतील आता," म्हणाली. मला भरून आलं. मग ओट्याशी उभी राहून तिने विचारलं, "हिला दूध उतरेल तेव्हा काय करायचं ठरवलंय?"

मी म्हणाले, "गोळी देतात. बंद होतं."

"बरं," मामी म्हणाली आणि डब्याची झाकणं लावत बसली.

मी उत्तर दिलं ते इतक्या सहज, की नंतर माझं मलाच आश्चर्य वाटलं. ही गोष्ट कोणी, कधी ठरवली? मी फाइल काढली. हॉस्पिटलच्या संमतीपत्रात एक ओळ होती: प्रसूतीनंतर सरोगेटला दूध थांबवण्याचं औषध देण्यात येईल. कागद इंग्रजीत, खाली ताईची सही. त्या दिवशी तिने पंचवीसेक सह्या केल्या असतील. मी शेजारी बसून पानं उलटून देत होते.

*

सरोगसीचा कायदा आपल्याकडे २०२१ साली झाला आणि २५ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. नोकरीत अटी-शर्ती वाचायची सवय असल्यामुळे मी तो पूर्ण वाचला होता. त्यात पुष्कळ विचार आहे. पैसे घेऊन सरोगसी करता येत नाही, फक्त दवाखान्याचा ठरलेला खर्च आणि ३६ महिन्यांचा विमा. सरोगेट २५ ते ३५ वर्षांची, लग्न झालेली, स्वतःचं मूल असलेली हवी, आणि आयुष्यात एकदाच. गर्भ तिच्या पोटात सोडायच्या आधीपर्यंत तिला संमती मागे घेता येते. तिच्या लेखी संमतीशिवाय गर्भपात करता येत नाही. आणि जन्मलेलं मूल हे त्या जोडप्याचं जैविक मूलच समजलं जाईल, असं स्वच्छ लिहिलेलं आहे.

आता पुन्हा उघडला आणि 'मिल्क' शब्द शोधला. शून्य. मूल कोणाचं हे कायद्याने पक्कं केलं आहे, पण बाळ हातातून गेल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिच्या छातीत जे भरून येणार त्याबद्दल काही नाही. कायद्याच्या लेखी तिचं काम तेव्हा संपलेलं असतं. शरीराला हे कोण सांगणार?

दूध थांबवायची गोळी प्रोलॅक्टिन दाबते. म्हणजे माझ्या डोम्पेरिडोनच्या बरोबर उलट. एकाच बाळासाठी एकीच्या प्रोलॅक्टिनचा लगाम सैल करायचा आणि दुसरीचा घट्ट आवळायचा. हे तंत्र म्हणून बघितलं तर काही वाईट नाही. मूल गेलेल्या बाईला, काही औषधं घ्यावी लागणाऱ्या बाईला ही गोळी मोठी सुटका असते. पूर्वी छाती घट्ट बांधून ठेवत, दक्षिणेत मोगऱ्याची फुलं बांधतात. भरलेल्या छातीची कळ काय असते ते ज्यांनी सोसलंय त्या सांगतील. ताईलाही ती सुटका हवी असेल. पण हवी आहे का, हे तिला कोणीच विचारलेलं नव्हतं. मीही नाही.

का विचारलं नाही, याचं खरं उत्तर लिहायचं तर मला भीती वाटत होती. तिने पाजलं तर? बाळाने तिच्याकडे पाहिलं तर? नऊ महिने तिचा आवाज ऐकलेलं बाळ तिच्या कुशीत शांत झालं आणि माझ्या कुशीत रडलं तर? संमतीपत्रातली ती ओळ मला सोयीची होती. मी ती लिहिली नव्हती, पण ती तशी आहे याचं मला बरं वाटत होतं. म्हणून दिसली तरी दिसली नव्हती.

*

आजोळी म्हशी होत्या. मी सात-आठ वर्षांची असताना एका म्हशीचं रेडकू मेलं. म्हैस पान्हा चोरायला लागली. तेव्हा त्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे ठेवलं. तिने ते चाटलं, हुंगलं आणि पान्हा सोडला. मला ते बघवलं नव्हतं. ताई तेव्हा माझ्याबरोबर गोठ्यात होती. ती मला बाहेर घेऊन गेली होती.

रात्री पंप लावून बसते तेव्हा मला ते रेडकू आठवतं. पान्हा यावा म्हणून बाळाचा फोटो समोर ठेवा, असं सांगतात. माझ्याकडे सोनोग्राफीचा फोटो आहे, राखाडी, धूसर. तो मोबाइलवर लावून मी पंप सुरू करते. मी स्वतःच स्वतःपुढे ठेवलेलं पेंढ्याचं रेडकू. पण यात मला आता लाज वाटत नाही. म्हशीला फसवलं होतं, मी जाणूनबुजून करते आहे, आणि माझं रेडकू मेलेलं नाही, भिंतीपलीकडे लाथा मारतं आहे. खरी फसवणूक दुसरीकडेच होती. मी एका बाईचं खरं दूध नाहीसं करण्याच्या आधारावर माझं दूध खरं ठरवायला निघाले होते.

*

सरोगसी म्हटलं की आमच्या नात्यातले एक काका हमखास सांगतात, आपल्याकडे हे पूर्वीपासून आहे. देवकीचा सातवा गर्भ रोहिणीच्या पोटात नेला, तोच बलराम. मी पूर्वी वैतागायचे. हल्ली मला त्या कथांमधलं दूध दिसायला लागलं आहे.

यशोदेने कृष्णाला पाजलं हे सगळ्यांना ठाऊक. पण तिला दूध आलं कुठून? तिला त्याच रात्री मुलगी झाली होती. ती मुलगी उचलून मथुरेला नेली आणि कंसाने तिला शिळेवर आपटायला उचललं. ती हातातून निसटून देवी झाली हे खरं, पण यशोदेकडे काही ती परत आली नाही. यशोदेचं दूध तिच्यासाठी उतरलेलं होतं. आणि देवकी? बाळ टोपलीतून गेलं, तिसऱ्या दिवशी तुरुंगात तिचं काय झालं असेल? भागवताला तिच्या दुधाची आठवण फार उशिरा येते. कृष्ण मोठा झाल्यावर तिची मारलेली सहा मुलं तिला परत आणून दाखवतो, तेव्हा तिला पान्हा फुटतो आणि ती त्यांना पाजते. इतकी वर्षं ते दूध कुठे होतं, कोणी विचारत नाही.

पूतनेची गोष्ट याहून अवघड. ती बाळाला मारायला आली, स्तनांना विष लावून. तरी भागवत म्हणतं की तिला आईला मिळावी तशी गती मिळाली, कारण तिने स्तन दिला. हेतू इतका वाईट असूनही. मी या गोष्टीने थोडी सावरले. माझ्या हेतूत पुरावा मिसळलेला आहे, मालकी मिसळलेली आहे. म्हणून ते दूध वाया जात नाही. बाळाच्या पोटात हेतू उतरत नाही, दूध उतरतं. पण हा दिलासा माझ्या हेतूने फक्त मला मलिन केलं तरच पुरतो. त्या हेतूपायी ताईला काही सोसावं लागणार असेल, तर पूतनेचं उदाहरण माझ्या कामाचं नाही.

इस्लाममध्ये दुधाच्या नात्याचा स्वतंत्र कायदाच आहे. पाजणारी बाई मुलाची दूधआई होते, तिच्या मुलांशी त्याचं लग्न होऊ शकत नाही. पण त्यामुळे जन्म देणारीचं आईपण रद्द होत नाही. दूध तिथे नाती वाढवतं. दुसऱ्या टोकाला मुंबईतलं सायन हॉस्पिटल. तिथे १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मानवी दुधाची पेढी सुरू केली. अशा पेढ्यांमध्ये अनेकींचं दूध एकत्र करून ६२.५ अंश तापमानाला अर्धा तास ठेवतात, मग कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांना देतात. कोणाचं कोणाला गेलं हे त्या बायांना माहीत नसतं. तिथे दूध हे अन्न आहे, बस. या दोन्ही टोकांना दूध म्हणजे एकीचा दावा आणि दुसरीचा नकार, असं कुठेच नाही. ते मी माझ्या भीतीतून बनवलं होतं.

*

शनिवारी नवरा भाजी आणायला गेला होता. ताई पाय वर करून सोफ्यावर बसली होती. मी तिला ती ओळ वाचून दाखवली, मराठीत. म्हणाले, "हे तुला विचारायला हवं होतं. विचारलं नाही. चुकलं माझं."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला वाटलं, तसंच असतं."

"तुला काय हवंय?"

"मला आत्ता काय माहीत? पोराच्या वेळी तिसऱ्या दिवशी छाती दगडासारखी झाली होती, बाळ जवळ असून. तेव्हा गोळी दिली असती तर मी दोन घेतल्या असत्या." ती हसली. "आणि एखाद वेळी वाटेलही, की घ्यावं जवळ. सांगता येत नाही गं. तेव्हाचं तेव्हा. पण मला विचारल्याशिवाय गोळी द्यायची नाही."

मी हो म्हणाले. मग तिने विचारलं, "तुला भीती वाटते ना, मी पाजलं तर ते माझं होईल म्हणून?"

मी हो म्हणाले.

"मला माझं एक आहे तेच पुरे झालंय," ती म्हणाली. आणि मग जरा थांबून, "पण पाजताना मला रडू आलं, तर तू घाबरायचं नाहीस. रडू येणारच. त्याचा अर्थ लावत बसू नको."

हे मी जसंच्या तसं लिहिते आहे, कारण माझ्या मते कोणत्याच संमतीपत्रात न मावणारी गोष्ट तिने त्यात सांगितली. आम्ही सही घेतो ती आजच्या माणसाची. ज्या शरीराला, ज्या मनाला ते सोसायचं आहे, ते अजून आलेलंच नसतं. पैशाच्या व्यवहारात हे चालून जातं, कारण तिथे दोन्ही बाजू परक्या असतात आणि कागद हाच आधार असतो. नात्यात तर अडचण दुप्पट. ताईने हे आपणहून सांगितलं होतं, दोन वर्षांपूर्वी, एका लग्नात पंगतीच्या मागे उभी राहून. पण घरातल्या माणसाला एकदा हो म्हटल्यावर नाही म्हणणं किती कठीण असतं, हे मला कळतं. म्हणून तिचं 'तेव्हाचं तेव्हा' हे मला उत्तर टाळणं वाटत नाही. ते उत्तरच आहे. त्या दिवशी पुन्हा विचारा, असा त्याचा अर्थ आहे.

सोमवारी आम्ही तिघं डॉक्टरांकडे गेलो. त्या आधी नाराज झाल्या. सरोगेटने पाजू नये, गुंतणूक वाढते, पुढे त्रास होतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या अनुभवाला मी खोटं ठरवत नाही. पण शेवटी त्या ओळीच्या शेजारी त्यांनी हाताने लिहिलं: सरोगेटला त्या वेळी विचारून. ताईने त्यावर सही केली, या वेळी वाचून.

सल्लागार बाईंनी आणखी एक वाट दाखवली. एक बारीक नळी असते, तिचं एक टोक वाटीतल्या दुधात बुडवायचं आणि दुसरं स्तनाग्राशी चिकटपट्टीने लावायचं. बाळ ओढतं तेव्हा त्याला वाटीतलंही मिळतं आणि स्तनातलंही, आणि त्याच्या ओढण्याने दूध वाढायलाही मदत होते. वाटीत काय असावं? ताईची इच्छा असेल तर तिचं पहिलं चिकाचं दूध. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी चमचाभरही पुरतं. बाळ माझ्या छातीशी, दूध ताईचं, त्यात माझे दोन थेंब. अशा वेळी कोण पाजतं आहे, याचं एका नावाचं उत्तर नाही. मला ते चित्र आवडलं. पण मी ताईला त्याबद्दल आग्रह करणार नाही. ते चित्र मला आवडतं, हासुद्धा माझाच हट्ट होऊ शकतो.

*

एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष असतात, बाळाला पाजायला आडोसा म्हणून. साताऱ्याला जाताना स्वारगेटला ती पाटी मी इतक्या वेळा पाहिली आहे. हिरकणीची गोष्ट लहानपणी आम्हाला धाडसाची म्हणून सांगितली गेली. रायगडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, म्हणून ती रात्री कडा उतरली. महाराजांनी सन्मान केला, तिथे बुरूज बांधला. मला आता त्या गोष्टीतला वेगळाच भाग महत्त्वाचा वाटतो. उतरताना अंधार होता. कोणी बघत नव्हतं. बाळाला भूक लागली असेल, एवढंच तिच्या डोक्यात होतं. बुरूज नंतरचा.

माझ्या अडीच वाजताच्या थेंबाला प्रेक्षक हवे होते. अजूनही थोडे हवे असतात. सासूबाईंना मी रोजचा आकडा सांगते, हे खरं आहे. आज सकाळी चार मिली निघालं. ते छोट्या पिशवीत भरून, वर तारीख घालून फ्रीझरमध्ये ठेवलं. मामीचे लाडू दोघी मिळून एकाच डब्यातून खातो, दुसरा अजून उघडलेला नाही.

अजून चार-पाच आठवडे आहेत. त्या दिवशी ताई गोळी मागेल, किंवा दूध काढून देईल, किंवा म्हणेल, "आण इकडे." ती असं म्हणाली तर मला बाळ तिच्याकडे द्यायचं आहे आणि शेजारी बसायचं आहे. ती रडली तर घाबरायचं नाही. पंप, गोळ्या, ईसीजी ही तयारी जवळपास झाली. ही दुसरी तयारी मी करते आहे. ती जमेल का, ते मला आज सांगता येत नाही.